आत्याच्या गालावरचं पेट्रोल

मार्गशीर्ष लागला की आमच्या मावळात वारा फिरतो. चार महिने पावसाने भिजवून भिजवून ज्या कातडीचा पार लगदा केलेला असतो, तिच्यातलं पाणी हा वारा आठ दिवसांत ओढून नेतो. पावसाचं कौतुक करायला पुण्यामुंबईची माणसं लोणावळ्यापर्यंत येतात, छत्र्या उलट्या करून घेतात आणि खूश होऊन परत जातात. या वाऱ्याचं कौतुक करायला कुणी आलेलं मी अजून पाहिलेलं नाही. तो फक्त आमचा, इथं राहणाऱ्यांचा.

काल शाळा सुटल्यावर घरी येताना वडगावच्या कचेरीपाशी तो मला यंदा पहिल्यांदा लागला. कुणीतरी कानामागून कातडी चिमटीत धरून ओढावी तसे दोन्ही गाल ताणले गेले. घरी आल्यावर यजमान कोर्टातली काहीतरी गंमत सांगत होते. मला हसायचं होतं, पण खालचा ओठ मधोमध उललेला, त्यामुळे मी नुसतीच मान हलवली आणि गंमत वाया गेली असं वाटून ते जेवायला बसले. रात्री झाकपाक झाल्यावर मी फळीवरची बाटली काढली, तोंड कोमट पाण्याने धुतलं आणि बोटाच्या टोकावर मावेल एवढी जेली गालांना चोळली. यजमानांनी गादीवरून विचारलं, "झालं तुझं वंगण लावून?" दर हिवाळ्यात ते एवढंच विचारतात. मधल्या लढाईच्या वर्षांत ही बाटली बाजारात मिळेनाशी झाली होती, तेव्हा मात्र हेच गृहस्थ सायकलवरून तळेगाव आणि सोमाटणे फिरून आले होते. एक हिवाळाभर माझं तोंड पाहून त्यांना वंगणाची किंमत कळली होती.

माझ्या तोंडाला ही सवय लागली ती मी मराठी चौथीत असताना, एका हिवाळ्यात. त्या हिवाळ्याने आमच्या घरातली एक मोठी गोष्ट फिरवली. पण सुरुवात अगदीच किरकोळ होती, म्हणजे काशीआत्याच्या गालांपासून.

आमचं गाव कामशेतपासून तासाभराच्या चालीवर, इंद्रायणीच्या पलीकडे. घरात आम्ही चार माणसं: आजोबा, ज्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, माझे वडील म्हणजे दादा, आई आणि मी. थंडीत आमच्यापैकी प्रत्येकाचं काही ना काही फाटलेलं असायचं. आईच्या टाचांत चवलीचं नाणं उभं राहील अशा भेगा. दादांची बोटं पेरापेरांशी चिरलेली. त्यावर उपायही ठरलेले होते. टाचांना आमसुलाचं तेल, बोटांना राळेचं मलम, जुवाने सोलवटलेल्या बैलाच्या मानेला करंजाचं तेल. तोंडाला मात्र काही नाही. तोंडाला काही लावायचं ते हळदीला, म्हणजे जन्मात एकदा. त्यानंतर ते तोंड वाऱ्याच्या स्वाधीन. भात झोडताना उडणारं बारीक भूस आणि कुसळं त्या तडकलेल्या गालांत शिरली की अशी आग व्हायची की बायका बोलणंच बंद करायच्या. खळ्यावर दिवसभर नुसते पेंढ्या आपटल्याचे आवाज. लहानपणी मला वाटायचं की थंडीत मोठी माणसं शहाणी होतात म्हणून कमी बोलतात.

काशीआत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. लग्न झाल्यावर दोन वर्षांत नवरा तापाने गेला आणि ती परत आबांच्या घरी आली. पुढे लोणावळ्याला एका वयस्क पारशी बाईंच्या बंगल्यावर तिला काम मिळालं. बाईंचं सगळं करायचं, बंगला झाडायचा, बाई मुंबईला गेल्या की खोल्यांना हवा द्यायची. दरवर्षी भात झोडायच्या दिवसांत ती महिना दीड महिना आमच्याकडे यायची. तिच्या नोकरीविषयी घरात कुणी वाईट बोलत नसे. मुळात कुणी बोलतच नसे. गावात कुणी विचारलं तर आबा सांगायचे, काशी नात्यातल्या माणसांकडे असते. पारशीण आमच्या नात्यात कशी, असं विचारायची छाती कुणाची नव्हती, कारण आबा सहा फूट उंच होते आणि त्यांच्या मिशा बघून पाहुणे आधी नमस्कार करायचे, मग ओळख विचारायचे.

त्या वर्षी आत्या आली ती पत्र्याच्या पेटीत एक काचेची बाटली घेऊन. बाईंनी निघताना दिलेली, अर्धी वापरलेली. निजायच्या वेळी तिने चुलीवरचं कोमट पाणी घेऊन तोंड धुतलं, पुसलं न पुसलंसं ठेवलं, आणि पेटीपाशी बसून बाटलीतून चिमटीभर काहीतरी काढलं. पिवळट, काचेसारखं आरपार. बोटांत चोळून चोळून ते पातळ केलं आणि कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असं अंगारा लावावा तसं लावलं. मग हाताने सावकाश जिरवलं. डोळे मिटलेले. मी गोधडीतून बघत होते. त्या आधी मी कुठल्याच मोठ्या बाईला स्वतःच्या तोंडाला असा सावकाश हात लावताना पाहिलं नव्हतं. आई तोंड धुवायची तेही भांडं घासल्यासारखं.

सकाळी आईने विचारलं, ते काय लावलंस रात्री. बाईंनी आत्याकडून नाव घोकून घेतलं होतं. आत्या एकेक अक्षर नीट सांभाळत म्हणाली, "पेट्रोलियम जेली."

इथं घोटाळा सुरू झाला. दादा दारात बैलाची दावी वळत बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

"पेट्रोल? मोटारीत घालत्यात त्ये?"

आत्याला पुढचं ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं, मोटारीचं मला कळत न्हाई, पण बाई रोज रात्री लावतात आणि त्यांचं तोंड या वयात लोण्यासारखं आहे. दादांचं समाधान होईना. कामशेतला सडकेवर मोटारी थांबतात तिथं त्यांनी पेट्रोलचे डबे पाहिले होते, आणि तिथल्या एका माणसाने विडी पेटवली म्हणून ड्रायव्हर त्याच्या अंगावर कसा धावून गेला तेही पाहिलं होतं. त्यांनी बाटली घेतली आणि आमच्या शाळेच्या गुरुजींकडे नेली. गुरुजींचं इंग्रजी पहिल्या दोन पुस्तकांपर्यंतचं. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर जुळवलं, 'पे', 'ट्रो', 'ल' इथपर्यंत आले आणि थांबले. पुढची अक्षरं त्यांच्या पुस्तकांबाहेरची असावीत. पण जेवढं वाचलं तेवढ्यावरून त्यांनी शेरा दिला की वस्तू पेट्रोलचीच आहे, जपून असा.

दादा मूळचे खात्री करून घेणारे गृहस्थ. घरी येऊन त्यांनी कापसाची वात वळली, तिला ती जेली चोपडली, पणतीत ठेवली आणि काडी लावली. वात पेटली. नुसती पेटली नाही, तर तेलाच्या वातीपेक्षा शांत आणि सरळ जळत राहिली. आम्ही सगळे पणतीभोवती उभे राहून बघत होतो आणि मग सगळ्यांनी एकदमच आत्याच्या गालांकडे पाहिलं.

त्या दिवसापासून आत्याला चुलीजवळ बसायला बंदी झाली. आबांनी स्वतः सांगितलं. भाकऱ्या आईने करायच्या, आत्याने लांबून पीठ द्यायचं. रात्री दिवा हातात धरायचा नाही. निजायचं बाहेर पडवीत, कारण घर शाकारलेलं, एक ठिणगी पुरे. ऐन थंडीत, जी वाऱ्यापासून तोंडाला जपत होती, तिलाच आम्ही वाऱ्यावर नेऊन निजवलं. आत्या एकदा म्हणाली की बाई तर रात्री हे लावून शेकोटीपाशी पुस्तक वाचत बसतात आणि अजून पेटलेल्या नाहीत. आबांनी यावर विचार केला आणि म्हणाले, पारशी लोकांची गोष्ट वेगळी, त्यांचा देवच अग्नी.

पण चार रात्रींत आत्याचं तोंड बदललं. सालपटं गेली, ओठ मिटले. आठव्या दिवशी खळ्यावर सगळ्या बायका तोंडाला पदर गुंडाळून झोडत होत्या आणि आत्या उघड्या तोंडाने गप्पा मारत होती. माझ्या आईलाही तिने हसवलं, आणि हसल्याबरोबर आईच्या ओठातून रक्त आलं. त्या रात्री आई माझ्या अंथरुणावर वाकून, मी झोपले असं समजून, पडवीत गेली. परत आली तेव्हा तिचं तोंड अंधारातसुद्धा जरासं चकाकत होतं. दुसऱ्या दिवशी तीही चुलीपासून हातभर मागे सरकून भाकऱ्या थापायला लागली. आबांनी कारण विचारलं तर धुराने डोळे चुरचुरतात म्हणाली.

आता मुलींना शिकवताना मला कधी कधी वाटतं की चेहरा ही मोठी चोंबडी जागा आहे. टाचेला काय लावलं ते कुणी बघत नाही. चेहऱ्याला लावलं की गावाला कळवल्यासारखंच. आत्याच्या चेहऱ्याची बातमी भावकीत गेली. आबांचे चुलतभाऊ रखमाजी यांच्या बायकोने ती नेली. विधवा बाई, कपाळ रिकामं, आणि गाल बघा कसे. कुणासाठी? लोणावळ्याला कोण आहे? पंधरा दिवसांत या प्रश्नांना उत्तरंही फुटली. कुणी म्हणालं बंगल्याचा माळी, कुणी म्हणालं रेल्वेतला कुणीतरी. खरं सांगायचं तर तो माळी आत्याच्या बापाच्या वयाचा होता आणि त्याला दिवसाउजेडीसुद्धा धड दिसत नव्हतं, त्याच्यासाठी गाल तुकतुकीत करण्यात काहीच हशील नव्हतं. पण हे गावाला कोण सांगणार?

आबांपर्यंत ती कुजबुज पोचली तेव्हा ते आत्याला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बाटली मागून घेतली. घरात नको, पेटेल, असं सांगून ती खळ्यावरच्या खोपीत नेऊन ठेवली. भाताची रास राखायला ते रात्री तिथंच झोपायचे. खळ्यावर चहूकडे वाळलेला पेंढा रचलेला होता आणि खोपसुद्धा पेंढ्याचीच होती, म्हणजे आग लागायला सगळ्या गावात त्याहून सोयीची जागा नव्हती. दादांनी हे ओळखलं असावं, कारण त्यांना तोंड उघडून परत मिटताना मी पाहिलं.

चार दिवसांत आत्याचे गाल पुन्हा तडकले. ती गप्प झाली. आणि मग एका संध्याकाळी आबांनी दादांना सांगितलं की काशीला यंदा लोणावळ्याला परत धाडायचं नाही. इथं काय कमी आहे, रखमाजी येईल आणि भावकीच्या वतीने तेच सांगेल, मग विषय संपला. ते बोलणं आत्याने पडवीतून ऐकलं. मी तिच्यापाशीच होते. ती रडली नाही. बराच वेळ गोधडीची शिवण बोटाने चाचपत बसली आणि मग मला तिच्या लोणावळ्याच्या खोलीविषयी सांगायला लागली. बंगल्यामागे एक लहानशी खोली आहे, खिडकीतून डोंगर दिसतो, आणि दाराला आतून कडी आहे. ती कडी तिने मला दोनतीनदा सांगितली. काम आटोपलं की कडी लावायची, तोंड धुवायचं, आणि कुणाच्या हाकेची वाट बघायची नाही. मी तेव्हा नऊदहा वर्षांची. आमच्या घराला एकच दार आणि त्याला कडी बाहेरून. आतून कडी लावून बसण्यात काय सुख असेल ते मला कळलं नाही. आत्याला तिथं जायला मिळणार नाही, एवढं मात्र कळलं आणि त्या रात्री मला आबांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला आबांचा चहा घेऊन खळ्यावर धाडलं. धुकं होतं. पेंढ्याच्या गंजींवरून दंव ठिबकत होतं आणि सगळ्या खळ्याला नव्या आंबेमोहोराचा वास होता. मी खोपीपाशी जाऊन हाक मारली. आबा बाहेर आले.

त्यांच्या तोंडावर भाताचं सगळं पीक उभं होतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत भूस आणि फोल दाट चिकटलेले. दोन्ही गालांवर सोनेरी कुसळं आडवीतिडवी. मिशांची तर कणसं झाली होती. भुवईवर एक भरलेला दाणा, टपोरा. ते माझ्याकडे नेहमीच्या कडक नजरेने बघत होते आणि त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

काय झालं असेल ते मला लगेच उमजलं. आत्या चिमटीभर लावायची आणि जिरवायची. आबांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. बैलाच्या मानेला लावतात त्या हाताने त्यांनी ते तोंडाला थापलं होतं आणि राशीच्या कुशीत भुसावर गाल टेकून झोपले होते. मग मला हेही आठवलं की दोनतीन दिवस ते जेवताना पुन्हा ठेचा मागून घेत होते. त्याआधी महिनाभर ओठ झोंबतात म्हणून ते नुसत्या दुधाशी भाकर खात होते. म्हणजे ही काही पहिली रात्र नव्हती. आधीच्या रात्री त्यांनी घोंगडी डोक्याखाली घेतली असेल, किंवा पहाटे तोंड पुसलं असेल. आज चुकले.

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बांधावरून रखमाजी आणि भावकीतला आणखी एक म्हातारा येताना दिसले. ते कशासाठी येत आहेत ते मला ठाऊक होतं. मी चहाचा लोटा आबांच्या हातात दिला आणि बाजूला जाऊन पेंढ्यांवर बसले. त्या क्षणी मी एक शब्द बोलले असते तर आबांची अब्रू वाचली असती. मी बोलले नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आबांना नाही, आत्यालाही नाही.

दोघे पाहुणे शेकोटीपाशी बसले. रखमाजींनी आबांकडे पाहिलं, मग शेकोटीकडे पाहिलं, मग पुन्हा आबांकडे. पण थोरल्या माणसाच्या तोंडाविषयी आपण होऊन विचारायचं कसं? त्यांनी ठरवून आणलेलं बोलणं सुरू केलं. घरात विधवा लेक आहे, तिने तोंडाला लावालाव करणं बरं दिसत नाही, लोक नावं ठेवतात, तिला लोणावळ्याला पाठवू नये. आबा गंभीरपणे मान हलवत होते. मान हलली की थोडं भूस गळायचं. आबा म्हणाले, खरं आहे, तोंड हे देवानं दिलंय तसं ठेवावं, त्याला काही फासणं आपल्यात नाही. 'फासणं' म्हणताना वरच्या ओठावरचं एक कुसळ उभं राहिलं आणि वाऱ्यावर हलायला लागलं. बरोबरचा म्हातारा खोकला आल्याचं निमित्त करून पाठ फिरवून बसला. तो खोकला बराच वेळ टिकला.

तेवढ्यात आई आणि आत्या डोक्यावर टोपल्या घेऊन खळ्यावर आल्या. आत्याने टोपली उतरवली आणि समोर पाहिलं. रखमाजींचा धीर आता संपला होता.

"आबा," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "तोंडाला काय झालंय तुमच्या?"

आबांनी हात गालाला लावला. मग दुसरा हात दुसऱ्या गालाला. बोटं खाली आणून पाहिली, ती तेलकट आणि वर भुसा चिकटलेला. मला आधी हसू येत होतं, ते एकदम गेलं. आबा इतके म्हातारे आहेत हे मला त्यांच्या त्या भुसाने भरलेल्या तोंडाकडे बघताना पहिल्यांदाच दिसलं. ते कुणाकडेच बघत नव्हते.

आत्याला तेव्हा हसता आलं असतं. तिला तेवढा अधिकार होता. ती हसली नाही. तिने टोपलीतल्या तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांच्या गालाला लावून पाहिलं, ते अळूच्या पानावरून जावं तसं ओघळून गेलं. मग पदराचं टोक कोरडंच घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून, कपाळापासून सुरुवात करून, त्यांचं तोंड पुसायला लागली. पुसता पुसता, जणू तिथं दुसरं कुणीच नाही अशा आवाजात तिने सांगितलं.

"पयल्या थंडीत बाईनं मला इचारलं, काशी, तुझं तोंड दुखत न्हाई का. तोवर मला कुनी इचारलं न्हवतं, आबा. मलाबी वाटायचं, तोंड असंच असतंय."

ती मिशांपर्यंत आली होती. आबांनी तिचा हात थांबवला नाही. ते म्हणाले, "दुखतं खरं."

एवढंच. शेकोटीतलं एक लाकूड खाली सरकलं. रखमाजी आपल्या जोड्यांकडे बघत होते. त्यांनी आणलेलं बोलणं अजून अर्धं शिल्लक होतं, पण ते कुठून पुढे न्यावं हे त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी भाताचा उतारा कसा काय पडला ते विचारलं. आबांनी सांगितलं. मग रखमाजी उठले, दहा पावलं गेले, सोबतच्या म्हाताऱ्याला पुढे व्हायला सांगून परत आले आणि आत्याला जरा बाजूला बोलावलं. मी जवळच होते म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणाले की रात्री त्यांच्या नाकाखाली फार चिरतं, पोरी, तुझ्याकडचं बोटभर मिळालं तर बघ. आत्याने विचारलं, "पेटलं तर?" रखमाजी म्हणाले की ते तंबाखू खातात, विडी ओढत नाहीत.

त्यानंतर ती बाटली पुन्हा घरात आली. जेली जपून लावायची असते, आधी तोंड धुवायचं असतं, ओलसर असतानाच लावायचं असतं, आणि चिमटीहून जास्त घ्यायचं नसतं, हे आत्याने आबांना बसवून शिकवलं. आबांनी ते सगळं कसलाही प्रश्न न विचारता ऐकून घेतलं. त्यांनी कुणाकडून काही शिकताना मी पाहिलं ते तेवढंच. दादांनी मात्र शेवटपर्यंत लावलं नाही. पणतीतली ती वात त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हती. आत्या निजायला आत आली, चुलीजवळ. आई आणि ती रात्री एकमेकींचे गाल बघत काहीतरी खुसखुसत राहायच्या आणि मी त्यांच्या मध्ये, कपाळावर जेलीचा एक थेंब घेऊन, झोपी जायची.

आत्याच्या परत जाण्याविषयी घरात कुणी काही बोललं नाही. रास घरी आली, कणग्या भरल्या, पौष निम्मा सरला. एका सकाळी आबा उठून धोतर बदलून, डोक्याला नवा पटका बांधून ओट्यावर येऊन बसले. आत्याने विचारलं, कुठं निघालात. ते म्हणाले, तुझी गाडी किती वाजता असते. आत्या वेळ सांगून पेटी भरायला आत गेली. दरवर्षी दादा तिला नदीपर्यंत सोडायचे, पुढे ती एकटीच पेटी डोक्यावर घेऊन चालत जायची. त्या दिवशी पेटी आबांनी उचलली. मी मागे लागले म्हणून मलाही नेलं. वाटेत आबांनी आत्याला तिच्या तिकडच्या राहण्याविषयी दोनचार गोष्टी विचारल्या.

कामशेतच्या फलाटावर भाताच्या पोत्यांची थप्पी होती, तिच्या आडोशाला आम्ही उभे राहिलो. वारा होताच. आत्याने डोक्यावरून पदर पुढे ओढून घेतला होता, तिथं गावची दोनचार माणसं होती म्हणून. शेजारी सोमाटण्याचे एक शेतकरी पोत्यावर बसले होते. त्यांनी आबांना रामराम केला आणि विचारलं की या वयात कुठं प्रवासाला निघालात.

"म्या न्हाई," आबा म्हणाले. "लेक चाललीय. लोनावळ्याला नोकरीला असती माझी लेक."

शेजारी बसलेल्या माणसाला सांगायला एवढा मोठा आवाज लागत नाही. फलाटाच्या त्या टोकाला असलेल्या आमच्या गावच्या माणसांनीही मान वळवून पाहिलं. आत्या पेटीची कडी नीट बसली का ते वाकून बघत होती. तिचा हात तसाच थांबला. मग ती सरळ उभी राहिली आणि तिने पदर तोंडावरून मागे सारून खांद्यावर घेतला.

गाडी आली तेव्हा आबांनीच पेटी आत ठेवली. आत्या खिडकीशी बसली. गाडी सुटून घाटाच्या दिशेला लहान होत गेली तरी आबा तिथंच उभे होते. मग ते त्या शेतकऱ्यांच्या शेजारी पोत्यावर बसले आणि त्यांनी काही विचारलेलं नसताना त्यांना सांगायला लागले, की बंगला मोठा आहे, मागे खोली आहे, आणि खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसतो.